अडीच सूत, अडीच फूट

भोकाची रुंदी अडीच सूत, खोली अडीच फूट. सुताराच्या हिशेबात एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेव्हा हे भोक ५/१६ इंच रुंद, म्हणजे जवळपास ८ मिलिमीटर, आणि ३० इंच खोल. रुंदीच्या ९६ पट खोली. लाकडी दिव्याच्या उंच खांबातून वायर वर न्यायची असेल तर असे भोक लागते, आणि ते खांबाच्या बरोबर मधोमध जावे लागते. इंग्लंडमध्ये लेथवर लाकूड कातणाऱ्यांनी नेमक्या याच कामासाठी, नेमक्या याच मापाचे एक बिट वापरात ठेवले आहे: लॅम्प स्टँडर्ड ऑगर. शेफील्डच्या हत्यारांच्या कारखान्यांनी ते घडवले. लाकूडकामातल्या सर्वांत सुंदर रचनांमध्ये मी त्याची गणना करतो, आणि ते सौंदर्य कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येते.

प्रथमदर्शनी ते फार काही सांगत नाही. लांबलचक पोलादी दांडा, मागे धरायला मूठ. पुढचा बराचसा भाग एका अंगाने कोरून काढलेला, त्यामुळे तिथे अर्धगोल पन्हळ उरलेली. पन्हळीच्या टोकाशी, एका कडेला, आत वळवलेला छोटासा ओठ; तो मध्यापर्यंत पोचतो. धार आहे ती एवढीच. टोकाला स्क्रू नाही, अंगाला पीळ नाही, कडेला काटे नाहीत. लाकडाचे बिट म्हणून दुकानात जे मिळते, त्यातले ओळखीचे सगळे काढून टाकल्यावर जे राहील ते हे. यातून काय काय गाळले आहे आणि का, हे कळायचे तर आधी ज्या बिटात हे सगळे आहे ते वाचायला हवे.

ब्रेसमध्ये बसवून हाताने फिरवायचे ऑगर बिट घ्या. अगदी पुढे स्क्रूचे निमुळते टोक. ते लाकडात शिरते आणि बाकीच्या बिटाला मागून ओढून घेते, त्यामुळे कारागिराला फारसा जोर लावावा लागत नाही, फिरवत राहिले की झाले. त्याच्या मागे परिघावर दोन काटे. ते भोकाची कड आधी कापून घेतात, म्हणजे कडेचे तंतू उपटून येत नाहीत. मग दोन आडवे ओठ. कापलेल्या वर्तुळातले लाकूड ते पातळ ढलप्यांनी उचलतात. शेवटी पीळ, तो ढलप्या वर चढवून भोकाबाहेर टाकतो. ओढणे, आखणे, उचलणे, वाहून नेणे. एका अवयवाचे काम संपते तिथे दुसऱ्याचे सुरू होते, आणि हे सगळे एकाच फेऱ्यात घडते.

ही रचना एका माणसाची नाही. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात एझ्रा लॉमेड्यू यांनी १८०९ साली पिळाच्या ऑगरचे पेटंट घेतले. त्याच राज्यातल्या रसेल जेनिंग्ज यांनी १८५५ साली दोन पिळांचे बिट आणले, ते फर्निचर करणाऱ्यांचे लाडके झाले. १८८०च्या दशकात ओहायोतल्या आयर्विन कंपनीने मधला गाभा भरीव ठेवून त्याभोवती एकच पीळ गुंडाळलेले बिट बाजारात आणले. ते जेनिंग्जपेक्षा ताठ, आणि ढलप्यांना त्यात जागाही जास्त. या बिटांच्या मागच्या चौकोनी टोकावर एक आकडा ठोकलेला असतो. तो इंचाच्या सोळाव्या भागांत वाचायचा: ८ म्हणजे अर्धा इंच. आपल्या भोकाला ५ नंबरचे बिट लागेल. जेनिंग्जचे असे जुने बिट उजेडात धरून सावकाश फिरवले की दोन्ही पीळ एकामागून एक वर सरकताना दिसतात, आणि टोकाच्या स्क्रूवरचे आटे इतके बारीक की ते मोजायला भिंग लागते. पाहत राहावे असे ते काम आहे.

आता हे बिट खांबाच्या टोकावर उभे करा.

फळीला भोक पाडताना लाकडाचे तंतू बिटाला आडवे असतात. काटे ते कापतात, स्क्रू त्यांच्यात पकड घेतो. खांबाचे भोक मात्र तंतूंच्याच दिशेने खाली जाते. आडवे कापण्याजोगे तिथे काही नसतेच. काटे नुसते तंतूंच्या मधून चिरत जातात. स्क्रूचे आटेही उभ्या तंतूंत टिकत नाहीत. पहिल्या काही फेऱ्यांतच आट्यांमधले लाकूड चुरते, स्क्रू सैल पडतो, आणि बिट पुढे न सरकता जागच्या जागी फिरू लागते. मग कारागीर मागून रेटा देतो, म्हणजे ज्या श्रमातून सुटका व्हावी म्हणून स्क्रू होता तेच श्रम परत अंगावर येतात. जेनिंग्जच्या बिटाचा यात दोष नाही. फळी, चौकट, सांधा यांच्यासाठी ते रचले आहे, आणि तिथे त्याला तोड नाही. लाकूड नव्वद अंशांत फिरवले की त्याच्या चारपैकी दोन अवयवांना अर्थच राहत नाही, एवढेच.

स्क्रूने पकड घेतली तर दुखणे आणखी मोठे. पुढे जाऊन ओढणारे टोक जिथे लाकूड मऊ तिथे जाते. सागाचा आडवा छेद पाहिला की वाढीची वर्तुळे स्पष्ट दिसतात: हंगामाच्या सुरुवातीला वाढलेला भाग मोठ्या छिद्रांचा आणि मऊ, नंतर वाढलेला भाग घट्ट. ही वर्तुळे खांबाच्या अक्षाला अगदी समांतर क्वचितच असतात. झाड थोडे वाकडे वाढलेले असते, करवत थोडी तिरकी चाललेली असते. टोक घट्ट थराशी तिरके भिडले की त्यात घुसण्यापेक्षा त्याच्या कडेने घसरणे त्याला सोपे. एकदा घसरले की मागचा सगळा दांडा त्याच वाटेने येतो, कारण ओढणारा पुढे आहे. हिशेब करून पाहा. फक्त एका अंशाने दिशा चुकली तर ३० इंचांवर भोक अर्ध्या इंचाहून थोडे जास्त सरकते. दिव्याच्या खांबाची मान बारीक कातलेली असते. ती एक इंच जाडीची असेल तर मध्यापासून बाहेरचा पृष्ठभाग अर्ध्याच इंचावर. म्हणजे एका अंशाच्या चुकीत बिट खांबाच्या अंगातून बाहेर डोकावते, आणि तोवर कारागिराला वरून काहीही दिसलेले नसते.

यावर पहिला उपाय सुचतो तो ताठ बिटाचा. पण इथे गणित फार निष्ठुर आहे. एका टोकाला धरलेला गोल दांडा किती वाकेल हे त्याच्या लांबीच्या घनावर आणि जाडीच्या चौथ्या घातावर ठरते. लांबी दुप्पट केली की वाकणे आठपट. जाडी निम्मी केली की सोळापट. अडीच सुताच्या भोकात अडीच सुतापेक्षा जाड दांडा जाणार नाही, आणि लांबी तर भोकच ठरवते. म्हणजे ताठपणा वाढवायला जवळजवळ वावच नाही. पोलाद कितीही कडक पाणी दिलेले घ्या, पाणी दिल्याने ते धार जास्त धरते, वाकायचे तेवढे वाकतेच. अडीच फूट लांब, अडीच सूत जाड दांड्याचे टोक हवेत धरले तर ते जरा धक्क्यानेही थरथरते. तेव्हा खरा प्रश्न असा, की एवढ्या लांब, एवढ्या बारीक दांड्याचे टोक तिथे आत, अंधारात, सरळ कोण धरून ठेवणार?

लॅम्प ऑगरचे सगळे सौंदर्य या प्रश्नाच्या उत्तरात आहे. ते टोक भोकाची भिंत धरते. पन्हळीची पाठ बाहेरून गोल घासलेली असते आणि तिची गोलाई भोकाच्या गोलाईशी जुळते. ओठ एकाच बाजूला आहे. तो कापतो तेव्हा लाकूड त्याला उलट बाजूला ढकलते, आणि उलट बाजूला पन्हळीची पाठ भिंतीला टेकलेली असते. म्हणजे कापण्याच्या जोरानेच पाठ भिंतीवर दाबली जाते. दोन ओठांच्या बिटात दोन्ही बाजूंचे जोर एकमेकांना तोलतात असे आपण धरून चालतो, पण एका ओठाखाली गाठ आली आणि दुसऱ्याखाली मऊ लाकूड, की तो तोल जातो आणि बिट मऊ बाजूला कलते. इथे तोल धरायचा प्रयत्नच नाही. जोर मुद्दाम एका बाजूला टाकला आहे आणि त्याला आधार नेमून दिला आहे. पन्हळ लांब असल्याने टोकाच्या मागचे कित्येक इंच भोक तिला आतून धरून असते. अंधाऱ्या बोळातून भिंतीला हात लावून जाणारा माणूस जसा समोरच्या भासाने फसत नाही, तसे हे बिट पुढच्या मऊ लाकडाला भुलत नाही. जितके सरळ भोक मागे पडले आहे तितकेच सरळ ते पुढे जाते. दिशा पुढून ओढून मिळत नाही, ती मागून मिळते. स्क्रू का गाळला, हे आता लख्ख कळते. तो नुसता निरुपयोगी म्हणून काढलेला नाही. तो राहिला असता तर पाठीने धरलेली दिशा त्याने मोडली असती.

याची दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. जे बिट मागच्या भोकावर विसंबते त्याला सुरुवातीला विसंबायला काहीच नसते. लॅम्प ऑगर कोऱ्या लाकडावर टेकवले तर ते नुसते भरकटते. म्हणून लेथवर आधी टोकाशी नेमक्या मध्यावर खूण करतात आणि टेलस्टॉकची, म्हणजे लेथच्या मागच्या आधाराची, पोकळ कड त्या टोकाभोवती घट्ट बसवतात. ऑगर त्या पोकळीतून आत जाते; पहिल्या दोन इंचांची दिशा ती पोकळी देते, पुढच्या २८ इंचांची भोक स्वतः. पहिल्या दोन इंचांत केलेली हयगय पुढे भरून निघत नाही. या कामात सगळ्यात जास्त वेळ सुरुवातीला द्यावा लागतो, असे जुने कारागीर सांगतात त्याचे कारण हे.

आता गाळलेल्या पिळाकडे येऊ. पीळ नाही म्हणजे ढलप्या आपोआप बाहेर येणार नाहीत. पन्हळीत त्या साठत जाणार. पहिल्यांदा पाहताना ही त्रुटी वाटेल, पण लांब पिळाच्या ड्रिलचे खोल भोकात काय होते ते पाहा. स्टीफन मोर्स यांनी १८६३ साली पेटंट घेतलेले ट्विस्ट ड्रिल धातूसाठी होते. आज तेच लांब करून लाकडालाही सर्रास वापरतात. व्यासाच्या चार-पाच पट खोलीपर्यंत पीळ भुसा बाहेर आणतो. त्यापलीकडे वर चढणारा भुसा भिंतीला घासतो, दाबला जातो, पिळात घट्ट बसतो. मग पिळाचे काम थांबते आणि त्याचा नुसता अडसर होतो. बिट तापते, जळका वास येतो, आणि दाटलेला भुसा टोकाला कडेला रेटू लागतो. शिवाय ट्विस्ट ड्रिलच्या अगदी मध्यावर एक बोथट कड असते, ती कापत नाही, चेचते. लाकडात चेचणारे टोक कुठेही सरकते. तेव्हा खोल भोकात पिळाचे बिटही पुन्हा पुन्हा बाहेर काढून साफ करावे लागतेच. फरक इतकाच, की पन्हळ ते आधीच कबूल करते.

कोल्हापूरजवळच्या एका दुकानात, मूळच्या सावंतवाडीकडच्या एका कातारी मामांना मी हे काम करताना जवळून पाहिले आहे. त्यांचे ऑगर शेफील्डचे नव्हते. पोलादी सळईतून त्यांनी ते स्वतः घासून काढले होते. दांड्यावर इंचाइंचावर खडूच्या रेघा. सागाचा खांब लेथवर फिरत होता, मामा मूठ दोन्ही हातांत धरून ऑगर आत सारत होते. एक रेघ टेलस्टॉकशी आली की ऑगर पूर्ण बाहेर. पन्हळ कोवळ्या पिवळ्या भुशाने काठोकाठ भरलेली. बोटाच्या एका फटक्यात ती रिकामी, टोकाला बोट लावून ताप बघायचा, आणि पुन्हा आत.

“मामा, इतकं सारखं बाहेर कशाला काढता?”

“आत भुसा दाटला की तो बाजूला ढकलतो. मग त्यानं सरळ कुठून जायचं?”

“पण सरळ चाललंय हे तुम्हाला इथं बाहेर कसं कळतं?”

“मूठ हातात गप्प राहते. ती घुमायला लागली की समजायचं, आत गडबड झाली.”

मूठ घुमते याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे, कारण बिटाच्या निवडीइतकाच तो निर्णायक आहे. इथे लाकूड फिरते आणि बिट स्थिर असते. समजा लाकूड स्थिर ठेवून हातातल्या मशीनने बिट फिरवले. तिरके तंतू टोकाला ज्या दिशेला ढकलतात ती दिशा बदलत नाही. प्रत्येक इंचाला थोडे, त्याच बाजूला, असे ते साठत जाते. आता लाकूड फिरवा. तेच तिरके तंतू टोकाला आता डावीकडे, अर्ध्या फेऱ्याने उजवीकडे, मग परत डावीकडे ढकलतात. ढकलणे एकमेकांना खाऊन टाकते. आणि तरीही भोक मध्यापासून सरकलेच, तर ते सरकलेले भोक लाकडासोबत अक्षाभोवती घिरट्या घालू लागते, आत असलेल्या दांड्याला सोबत फिरवू पाहते, आणि कारागिराच्या तळव्याला दर फेऱ्याला एक हिसका बसतो. म्हणजे चूक एरवी जी दुसऱ्या टोकाला बाहेर पडेपर्यंत दिसत नाही, ती इथे घडत असतानाच हाताला कळते. लांब, अरुंद भोकासाठी बिट कोणते असे कुणी विचारले तर मी आधी उलट विचारतो, की फिरणार काय, लाकूड की बिट? दिव्याच्या खांबाला याचे उत्तर सोपे आहे. घराच्या तुळईला नाही.

असे लांब, अरुंद भोक वाद्यांनाही लागते. बासरीला वेळूने ते आयतेच दिले आहे. पेरे फोडली की नळी तयार. सनईचे तसे नाही. ती अखंड लाकडाची, आणि तिची नळी खाली रुंद होत जाते. युरोपातला ओबो तिच्याच घराण्यातला: दुहेरी पातीचा, निमुळत्या नळीचा. ओबोच्या वरच्या भागातली नळी सुरुवातीला पाच मिलिमीटरहूनही अरुंद असते. अशी निमुळती नळी एका बिटाने पाडता येत नाही. आधी अरुंद सरळ भोक पाडतात, लाकूड काही महिने, कधी त्याहून जास्त काळ, तसेच मुरायला ठेवतात, मग निमुळत्या रीमरने भोक हवे तसे वाढवतात. रीमर आधीच्या भोकाच्या मागे जातो. ते वाकडे असेल तर नळीही वाकडी. म्हणून सगळा भरवसा पहिल्या भोकावर. लाकूडही साधे नव्हे. क्लॅरिनेट आणि ओबोसाठी टांझानिया आणि मोझांबिकमधले आफ्रिकन ब्लॅकवूड वापरतात, आपल्या शिसवीच्याच वंशातले, पण इतके जड की पाण्यात बुडते.

या कामासाठी आजचे वाद्य-कारखाने गन ड्रिल वापरतात. बंदुकीच्या नळ्या पाडण्यासाठी जन्मलेले हे बिट. कार्बाइडचे छोटे डोके, त्याला एकच धार, मध्याच्या एका बाजूला. दांड्यात सरळ उभी व्ही आकाराची खाच. डोक्याच्या उरलेल्या परिघावर भिंतीला टेकणाऱ्या गुळगुळीत पट्ट्या. धार कापते, कापण्याचा जोर पट्ट्यांना भिंतीवर दाबतो, भिंत डोक्याला सरळ ठेवते. मागचा दांडा डोक्यापेक्षा किंचित बारीक, म्हणजे तो कुठे घासत नाही. सुरुवातीला त्यालाही वाट दाखवणारी बुश लागते. हे सगळे ओळखीचे वाटते ना? ही लॅम्प ऑगरचीच रचना आहे. फक्त भुशाचा प्रश्न त्यात वेगळ्या रीतीने सोडवला आहे: धातूत दांड्यातल्या बारीक भोकातून दाबाने तेल सोडतात, लाकडात हवा, आणि ती खाचेतून भुसा घेऊन बाहेर येते. मामांच्या बोटाच्या फटक्याचे काम हवा करते. म्हणून गन ड्रिल न थांबता शेवटपर्यंत जाऊ शकते.

आणि ही रचना मागेही किती दूर जाते ते पाहा. १९३६ साली स्वीडनच्या गॉटलंड बेटावर, पाण्याचा निचरा करून शेतीखाली आणलेल्या जमिनीत नांगराला एक ओकची पेटी लागली. व्हायकिंग काळातल्या एका कारागिराची ती अवजारपेटी, आत दोनशेहून जास्त वस्तू. मेस्टरमिरची पेटी म्हणून ती प्रसिद्ध आहे. तिच्यात लाकडाला भोके पाडण्याची जी अवजारे आहेत ती चमच्याच्या टोकाची: अर्धगोल, पोकळ, स्क्रू नाही, पीळ नाही. हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोहाराला पीळ घडवणे जमत नव्हते म्हणून तो चमच्यावर थांबला, असे म्हणता येईल. पण एकोणिसाव्या शतकात पीळ घडवणे अगदी सोपे झाल्यावरही खुर्ची करणाऱ्यांनी, वाद्य करणाऱ्यांनी आणि दिवे करणाऱ्यांनी पन्हळ सोडली नाही, आणि बंदूक करणाऱ्यांनी तिला कार्बाइडचे डोके लावले. त्यांना तिच्यात काहीतरी दिसत होते.

बेंजामिन फॉर्स्टनर यांनाही ते दिसले होते, असे मला वाटते. ऑरेगनमधल्या या बंदूककारागिराने १८७४ साली पेटंट घेतलेले बिट मध्यावर नव्हे, आपल्या बाहेरच्या कडेवर चालते. म्हणून ते गाठीतून, फळीच्या काठावरून, दुसऱ्या भोकाच्या अंगावरूनही न ढळता जाते. तत्त्व तेच, पण त्याच्या कडेला लांबी नाही. उथळ, रुंद भोकांसाठी ते बिनतोड. आपल्या अडीच फुटांत ते कामाचे नाही.

भिंतींच्या लाकडी चौकटीतून वायर ओढणारा इलेक्ट्रिशियन मात्र पन्हळीचे बिट घेऊन काय करील? त्याचे लाकूड जागचे हलणार नाही, तंतू बहुधा आडवे, भोक काही इंचांचे, आणि अर्धा इंच इकडेतिकडे चालतो. त्याने भरीव गाभ्याचे, स्क्रूचे लांब ऑगर घ्यावे. स्क्रू त्याचे श्रम वाचवतो आणि आडव्या तंतूंत तो चोख पकड घेतो. मऊ किंवा ओल्या लाकडाला मोठ्या आट्यांचा स्क्रू, सागासारख्याला बारीक आट्यांचा. जहाजे बांधणाऱ्यांनी मधला मार्ग काढला: अंगाला पीळ, पण टोकाला स्क्रू नाही. जाड लाकडांच्या थरांतून लांब बोल्ट न्यायचा तर भुसा बाहेर यायलाच हवा, पण स्क्रूने तंतूंच्या मागे ओढत नेणे परवडत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागवानात बांधलेली त्रिंकोमाली ही युद्धनौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. लाकडी जहाजांच्या त्या काळात बोल्टाचे एकेक भोक हाताने पाडावे लागे, आणि ते वाकडे गेले तर पाणी आत येणार. तिथल्या कारागिरांचे हात कसे तयार झाले असतील याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

काही वेळा योग्य बिट म्हणजे बिटच नको. पेन्सिलीच्या मधोमध शिसे असते, पण तिथे कुणी भोक पाडलेले नसते. दोन पट्ट्यांना अर्धगोल खाचा पाडून, मधे शिसे ठेवून त्या चिकटवतात आणि मग पेन्सिल कापून काढतात. युरोपातल्या जुन्या कॉर्नेटोची वाकडी नळीही दोन अर्धे कोरून, जोडून, वर कातडे गुंडाळून केलेली. दिव्याचा खांब असा केला तर चालतो, आणि दोन फळ्यांच्या जोडाची रेघ दिसली तरी चालत असेल तर मी कुणालाही तेच सांगेन. अखंड खांबाचा हट्ट असेल तर मग ऑगर, आणि जमले तर दोन्ही टोकांकडून अर्धे अर्धे: चूक साठायला निम्मीच लांबी मिळते, आणि दोन भोके मध्ये सुताच्या अंशाने चुकली तरी वायर निघून जाते. खांब उलटा करताना पाडलेल्या भोकात बरोबर बसणारी खुंटी हेडस्टॉकवर, म्हणजे लेथच्या फिरवणाऱ्या टोकावर, लावायची, म्हणजे दुसरे भोकही पहिल्याच अक्षावर येते.

जुने लॅम्प ऑगर विकत घ्यायचे झाले तर आधी ते सपाट काचेवर लोळवून बघावे. दांडा कुठे उचलला गेला तर तो वाकलेला आहे, सोडून द्यावा. मग पन्हळीच्या पाठीवरून नख फिरवावे. पाठीवर कानशीचे ओरखडे असतील तर कुणीतरी धार बाहेरून लावली आहे. बाहेरून एक केस जरी घासला गेला तरी ओठाकडचा व्यास मागच्या पन्हळीपेक्षा कमी होतो, मग बिट भोकात अडकू लागते किंवा पाठ भिंतीला नीट टेकत नाही, आणि ज्या एका गोष्टीसाठी ते घडवले तीच जाते. धार लावायची ती आतूनच, बारीक गोल दगडाने, ओठाच्या आतल्या तिरप्या अंगाला, दोन-चार हलके फटके. कोरे ऑगर असो की जुने, पहिल्याच भोकाला खांब घेऊ नये. सागाचा टाकाऊ तुकडा लेथवर लावून सहा इंच भोक पाडावे, तो तुकडा उभा चिरावा आणि भिंत पाहावी. ओठ नीट लागला असेल तर ती गुळगुळीत, किंचित चमकणारी दिसते. खरखरीत दिसली तर परत दगडाकडे.